दोनची जळगाव गाडी

भाऊसाहेब, तुमचा दमा कसा आहे? तिकडे स्टँडची धूळ नाही, म्हणजे आराम असेल. वहिनींचे गुडघे काय म्हणतात? आणि जळगाव जामोदच्या गाडीवरचा आपला ड्रायव्हर मागच्या पोळ्याला तुमच्याकडे आला, त्याची साखर आता तरी ताब्यात आहे का, की तिथंही चहात तीन चमचे घेतो? इकडे आमची मंडळी बरी आहे, फक्त गेले चार दिवस मी घास हातात धरून बसून राहतो म्हणून तिला काळजी लागली आहे. माझी तब्येत ठीक. मन तेवढं जागेवर नाही.

एस.टी.तून रिटायर झालो तरी मी पुन्हा गाड्याच सोडतो आहे, पण आता संगणकात. आपल्या जिल्ह्यातल्या गाड्या, फाटे, स्टेशनं सगळं आत मांडलेलं आहे. एखादी गाडी अमुक वाजता सोडली तर किती माणसं बसतील, कोणाची चुकेल, हे रस्त्यावर चाक न फिरवता दिसतं. त्याला मॉडेल म्हणतात. आम्ही पाच जण, कोणी पुण्यात, कोणी नागपुरात, मी मलकापुरात, पण मॉडेल सगळ्यांचं एकच, जशी एकाच परातीत पाच जणांनी कणीक मळावी. म्हणून नियम कडक. आकडा बदलला की शेजारी आपलं नाव आणि कारण लिहायचं. मी सातवी पास, एका बोटानं टाइप करणारा. मला घेतलं ते डेपोच्या वेळा माहीत असलेला माणूस म्हणून. त्या वेळा मी कंट्रोलरच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या हातच्या, रजिस्टरावरून जशाच्या तशा उतरवून दिल्या आणि तिथंच घोळ झाला.

रजिस्टरात जळगावची गाडी रोज दोनला सुटते. खरी कधी सुटते ते तुम्हाला मी काय सांगू? मुंबईकडून येणाऱ्या रेल्वेची वेळ दोनच्या पुढं गेली, आपलं वेळापत्रक तिथंच राहिलं, आणि तुम्ही गुपचूप गाडी धरून ठेवायला लागलात. मी नवीन असताना सरळ दोन वाजून बावीस मिनिटं लिहून मोकळा झालो होतो. तुम्ही पान बघता, चष्मा कपाळावर चढवता आणि सगळ्या कंडक्टरांसमोर मला म्हणता, "अबे, गाडी थांबवाची माणसासाठी अन् लिहाची साहेबासाठी. तुले दोन्ही एकच वाटते काय?" तेवढ्यात स्टेशनाकडून बोचकी घेतलेल्या बाया पळत येतात, आणि त्या चढेपर्यंत तुम्ही खिडकीतून ड्रायव्हरला पंजा दाखवून ठेवता. मग डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढं सरकवलीत, तेव्हा कुठं माझा रुसवा गेला. पुढं नोकरीभर मीही दोनच लिहिलं, आणि माझ्यामागून आलेल्यांनाही तेच शिकवलं.

मॉडेलला त्या बाया दिसत नाहीत, रजिस्टर दिसतं. त्यानं दाखवलं की रेल्वेतून उतरलेल्या एकालाही ही गाडी मिळत नाही, तर ती एक वाजताच सोडलेली बरी. आमचे प्रमुख असलेल्या पुण्याच्या सरांना पटलं. सोमवारी महामंडळाकडे तशी शिफारस जाणार. मी कोणाला न विचारता दोनचे दोन पंचवीस केले आणि कारणाची जागा कोरी ठेवली. आमच्यातली एक इंजिनियर पोरगी आपल्या जिल्ह्यातल्या उंद्रीची आहे. मीटिंगमध्ये पुण्यासारखं बोलते, माझ्याशी घरच्यासारखं. तिचा लगेच फोन. "काका, हा आकडा काऊन बदलला?" मी म्हटलं, बोट चुकलं. तिनं तो परत दोन केला आणि हसून म्हणाली, "तुमच्या एका बोटाच्या भरवशावर आमी चौघं चालून राह्यलो, काका."

ते वाक्य मला बोचत राहिलं. खरं सांगावं तर तुमचं रजिस्टर लबाड ठरतं, आणि डेपोत तर अजून त्याचं नाव काढतात की मिनिटाचा फरक नसे. गप्प बसावं तर त्या बाया पुढच्या गाडीपर्यंत स्टँडवर ताटकळणार. शेवटी आज सकाळी पुन्हा दोन पंचवीस केले आणि कारण लिहिलं: रजिस्टरातली वेळ खोटी आहे, गाडी रेल्वेसाठी थांबते, ही पद्धत मी सुरू केली. म्हटलं, बोल लागायचा तो जिवंत माणसाला लागू दे.

पण बोल लागलाच नाही, भाऊसाहेब. त्यांनी मॉडेल पुन्हा चालवलं, गाडी भरून निघाली, शिफारस फिरली. सर म्हणाले की आता ही थांबायची वेळ वेळापत्रकातच मागून घेऊ, आणि अहवालात काकांच्या नावानं लिहू. पोरगी म्हणाली, "काका, तुमच्या डोक्यात हे आलं तरी कसं?" तिथं एक वाक्य बोलायचं होतं, ते मी बोललो नाही. नुसता हसलो. बरं वाटत होतं मला.

तिकडे पत्र पोचवणारी पेटी कुठली, मला ठाऊक नाही. तरी सोमवारच्या आत तुमच्या दोन ओळी आल्या तर फार बरं होईल. तुमचं नाव पुढं करू की राहू देऊ, तेवढं कळवा. जरा लवकर कळवा, कारण माझ्यावर सोडलंत तर मी ते राहूच देईन.