टाच आधी नाही

बाबा, तुमाले सांगायचं ते असं, की मी नाच शिकून राहिलो. वरातीतला नाही, बॅले म्हणतात तो. भिंतीजवळचा दांडा धरून गुडघे वाकवायचे, चवड्यांवर उभं राहायचं, आणि उडी मारून खाली येताना आवाज होऊ द्यायचा नाही. तुमी असते तर म्हटलं असतं, "मंग त्याले नाच कायले म्हनतेत?"

इथं बंगलोरले आमची टोळी लाकडी फरशी बसवते. चार महिन्यांपूर्वी एका नाचाच्या क्लासची फरशी केली. अशा फरशीखाली रबर घालावं लागते, म्हणजे उड्या मारणाऱ्याचे गुडघे वाचतात. काम संपलं तेव्हा एखादी फळी वाजते का हे पाहाले मी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात उड्या मारत गेलो. शिकवणाऱ्या मॅडम दारात उभ्या. पन्नाशीच्या असतील, केस पांढरे, पाठ ताठ. म्हणाल्या, "शाम को आओ. बड़े लोगों की क्लास है, सब नए हैं." मले वाटलं, कुठंतरी फळी वाजली म्हणून बोलावलं. मी हातोडी न् खिळे घेऊन गेलो. पाहतो तर बँकेतून रिटायर झालेले एक काका आणि कंप्युटरवाल्या सहा पोरी रांगेत उभ्या, आणि मॅडम मलेही त्याच रांगेत उभं करून राहिल्या.

पहिल्याच उडीत, धप्प! सगळे वळून पाहू लागले. मॅडम म्हणाल्या, "फ्लोअर तुमने बनाया, तोड़ोगे भी तुम ही?" पोरी हसल्या, मीही हसलो, आणि पुन्हा धप्प. आधी चवडा टेकवायचा, मग हळूच टाच. डोक्याले समजत होतं, पायाले नाही. पायाले तुमीच शिकवलेलं ना.

चांदूर बाजारचा तो दिवस आठवतो. ट्रक भरणं चालू आहे, कापूस ट्रकच्या बाजूच्या फळीच्या वर गेला आहे आणि तो तुडवाले तुमी मले वर चढवलं आहे. मी मधातच नाचून राहिलो, खालचे हमाल शिट्ट्या मारून राहिले. तुमी ओरडता, "अबे, टाच मार टाच! कोपरा पोकळ राहिला त अकोल्याच्या आधी गाडी कलते!" मी ऐकत नाही म्हणून तुमी स्वतः वर चढता. वाटलं, आता पाठीत बसते. तुमी माझ्या बाजूले उभे राहता, हात कमरेवर, एक टाच, दुसरी टाच, मिशीत कापूस अडकलेला. मग म्हणता, "नाचाचं असन त नाच. पन टाच आधी टाक." गाडी भरेपर्यंत आपण दोघं तसेच नाचलो.

ती टाच सोडवाले मले दोन महिने लागले. कामावर, जेवणाच्या सुट्टीत, रिकाम्या खोल्यांत उड्या मारायचो. बडनेऱ्याचा माझा जोडीदार म्हणे, "काहून बे, इंचू चावला का?" एक दिवस त्यानं स्वतःच दरवाजा धरून गुडघे वाकवले. "याच्यात काय हाय?" म्हणाला, आणि लगेच, "आईव, मांडी गेली!" त्याले उचलूनच उभं केलं.

मग ठेकेदारानं सांगितलं, इथलं काम संपलं, रविवारी टोळी हैदराबादले निघते. त्याच आठवड्यात मॅडम म्हणाल्या, "चार महीने रुको. प्रोग्राम है, स्टेज पर दो आदमी चाहिए. मेरे पास एक है, वो भी रिटायर." माझा इतिहास तुमाले माहीत आहे. शाळा सातवीत सोडली, अकोल्याचं गॅरेज दोन महिन्यांत, अमरावतीचं हॉटेल दिवाळीच्या आधीच. कुठं थांबायचं म्हटलं की माझे पाय आपोआप एसटीकडे जातात. यावेळीही जातील याचंच मले भेव होतं.

शनिवारी क्लासात उडी मारली. खाली आलो आणि काहीच ऐकू आलं नाही. मॅडमनं गाणं बंद केलं. "फिर से." पुन्हा मारली. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. काकांनी टाळी वाजवली, पोरी ओरडल्या, आणि मी येड्यासारखा उड्या मारतच राहिलो, घामानं बनियन चिकटलं तरी.

रविवारी टोळीची गाडी आली. जोडीदारानं माझी बॅग आधीच वर टाकली होती. मी ती खाली उतरवली.

"अबे, खरंच?"

"खरंच."

"नाचासाठी?"

"हो."

तो गाडीत चढला न् वरून म्हणाला, "पोस्टरवर फोटो आला त पाठवजो, गावात दाखवतो." आता एका फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम धरलं आहे. पगार कमी आहे, पण सहाले सुट्टी होते आणि साडेसहाचा क्लास गाठता येतो.

तुमी गेल्याले आठ वर्षं झाली. हे पत्र टाकाले पत्ता नाही, वहीतच राहील. म्हणून एक सांगून टाकतो. तुमी असते तर मी त्या रांगेत उभा राहिलो नसतो. तुमाले काय वाटन, याच भेवानं पळालो असतो. आणि आता लिहिता लिहिता वाटून राहिलं, मी जेवढा भेत होतो तेवढे रागीट तुमी कधी नव्हतेच.