शेवळांबरोबरची काकडं

वनिता गं,

काल आय तुझ्या कर्जतच्या घरी शेवळांची रानभाजी घेऊन आली, तर तू सासूला सांगितलंस, "भाजीवाली हाय." आपण कातकरी, हे लपवायला सख्ख्या आयला उंबऱ्याबाहेर उभी केलीस!

आय हे पत्र टाकू देत नाय. म्हणते, "पोरीचा संसार हाय." म्हणून पुढच्या खेपेला हे पत्र घेऊन भाजीवाली मीच येईन.

शेवळांत काकडाची आंबट फळं घातली नायत, तर घसा खाजून जीव नकोसा होतो. तुझ्याकडं रांधते सासू, ती घाटावरची, तिला हे ठाऊक नाय. आय आठवणीनं काकडं देते. मी देणार नाय.

घसा धरून सासू ओरडली, की काय चुकलं ते सांग तिला. आणि तुला हे कुणी शिकवलं, तेपण सांग.

भाजीवालीची थोरली,
भागी