आइस्क्रीमच्या डब्यातलं इंजेक्शन

प्रिय मारिविक,

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, इंजेक्शन घेतलंत ना?" आणि मी "हो हो, कधीच," म्हणून मोकळा झालो. थाप मारली. तोंडाने कबूल करायची हिंमत नाही, म्हणून लिहितोय.

डॉक्टरीणबाईंनी ते पेनासारखं इंजेक्शन सुरू केलं आणि चार महिन्यांत माझ्या हातांवरचे खवले गेले. तीस वर्षांनी बाह्या दुमडून मशीनवर बसलो. पण लाज काही खवल्यांबरोबर गळून पडली नाही. आपलं दुकान घरातच. पेन ठेवावं लागतं फ्रिजमध्ये, आणि पाण्यासाठी गिऱ्हाईकं सरळ फ्रिज उघडतात. शिंप्याला सोरायसिस आहे म्हटल्यावर त्याच्या हातचं कापड अंगाला कोण लावेल? मग मी ते पेन आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात लपवलं. आपल्या इलोइलोतच काय, अख्ख्या फिलिपिन्समध्ये त्या डब्यात आइस्क्रीम कधी निघालंय? मासेच निघतात. कोणी हात लावणार नाही अशी माझी खात्री. तुझ्या सालुद आत्याने लावला. "मासे खाली ठेवलेस? घरभर वास सुटेल, बावळटा!" म्हणत तिने डबा उचलून वर बर्फात टाकला. गोठलेलं इंजेक्शन टोचायचं नसतं. ते फेकून दिलं, आणि दुसरं मागायचं तर हा सगळा तमाशा सांगावा लागला असता, म्हणून गप्प बसलो. आता बोटांची पेरं पुन्हा लाल झालीत.

मागच्या खेपेला तुझी यूमी आशीर्वादासाठी माझा हात कपाळाला लावायला धावत आली, तेव्हा तो मी खिशात घातला. "आजोबा माझ्यावर रागावलेत का?" असं तिने तुला नंतर विचारलं म्हणे. तू ते हसत सांगितलंस. थोरांनी हात आखडला तर आशीर्वाद आखडला, हे तुला लहानपणी मीच शिकवलं होतं ना?

आणखी एक थाप आहे, सगळ्यात जुनी. तुझ्या लग्नाच्या सकाळी माझी कंबर दुखत नव्हती. अननसाच्या धाग्यांचा तो बारोंग सदरा मी त्या दिवशी घालायला महिनाभर खपून शिवला होता. अंगात घालून आरशासमोर उभा राहिलो, तर त्या झिरझिरीत कापडातून दंडावरचा एकूणएक डाग दिसत होता. मी तो उतरवला आणि पालथा पडून कण्हायला लागलो. वेदीपर्यंत तुला काकाने नेलं. आणि तू? चर्चमधून नवरीच्या पोशाखातच घरी आलीस, माझा सदरा वर केलास आणि धडधाकट कमरेला मलम चोळत बसलीस. डागांवरून तुझा हात फिरत होता, एकदाही थबकला नाही. मी उशीत तोंड खुपसून रडलो, तुला वाटलं दुखतंय.

काल डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. चांगली खरडपट्टी निघाली, गुरुवारी नवं इंजेक्शन आहे. आत्याने फ्रिजवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावलीय, 'हे मासे नाहीत'. आता गल्लीभर झालंय. पुढच्या महिन्यात सणाला तुम्ही याल, तोवर हात स्वच्छ होतील असं नाही. यूमीला आधीच सांगून ठेव, आजोबांचे हात लाल आहेत, पण त्याची कुणाला लागण होत नाही. तो बारोंग पेटीतून काढून इस्त्री करून ठेवलाय. तो घालून मी दारात उभा असेन, हात पुढे करून. तिने धरला नाही तरी मागे घेणार नाही.

तुझाच, कंबर न दुखणारा,
बाबा