बारीक चाक

१९ नोव्हेंबर, संध्याकाळी सहा चाळीस. कॅमेरा पुसून टेबलावर ठेवला आणि लिहायला बसलो.

प्रिय ताईस,

सप्रेम नमस्कार. तू आणि बाळ बरे असाल. इकडे आई बरी आहे, मीही.

डीएसएलआर अखेर घेतला. जुना, एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून. दुकानदार नवा, दोन लेन्सवाला गळ्यात मारत होता. मी जायचो, किंमत विचारायचो, परत यायचो. फोटोग्राफर म्हणाला, आधी हातात धर, मग किंमत विचार. धरला, तर बोटं आपोआप जागेवर गेली. बाबा म्हणाले, नाकापेक्षा मोती जड. मोबाइल काय कान खाजवायला घेतलाय?

रविवारी कॅमेऱ्याला डोळा लावला तर सगळं धूसर. काढलेले फोटो मात्र लख्ख. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, कुलूप लावलं का ते बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारा. जेवण गेलं नाही. दुकान उघडताच दुरुस्तीवाल्यापुढे उभा. त्याने डोळा लावायच्या जागेशेजारचं बारीक चाक अंगठ्याने फिरवलं आणि चित्र स्वच्छ.

"बिघाड नाही. हे ज्याच्या-त्याच्या नजरेप्रमाणे फिरवायचं असतं. कुणीतरी चष्मा काढून बघितलंय. घरी चष्मा कोणाला?"

घरी चष्मा एकट्या बाबांना.

कार्डावर एक फोटो माझा नव्हता. तिरका, खाली बाबांची चप्पल आलेली. त्यांच्या सुतारकामाच्या खोलीतला पाळणा. त्यावर ते चादर टाकून ठेवतात, विचारलं की गिऱ्हाइकाचा म्हणतात. तुझ्या लग्नापासून त्यांनी तुझं नाव काढलेलं नाही, म्हणून मीही पुढे विचारलं नव्हतं.

काल जेवताना फोटो त्यांच्यापुढे धरला. बाबांनी डाव्या हाताने कॅमेरा जवळ ओढला.

"दांड्या गोल केल्यात, टोचणार नाहीत. तिला पाठव. मी सांगितलं म्हणून नको, तुझं तू पाठव."

तर माझं मी पाठवतोय. फोटो सोबत आहे. पाळणा टपालाने येणार नाही, ताई. सुटा करून आणावा लागेल, आणि त्याचे सांधे बाबांशिवाय कुणाला बसवता येत नाहीत. आम्ही कधी यायचं एवढंच कळव.

कॅमेऱ्याचे बारा हजार दिले, सहा देणं आहे. पाळण्याचे किती झाले ते बाबा सांगत नाहीत. जेवणानंतर त्यांनी चष्मा काढून चाक पुन्हा आपल्या नजरेला लावून घेतलं. मी त्याला हात लावलेला नाही. बाळाचा पहिला फोटो काढताना त्यांना धूसर दिसायला नको.

वाट पाहणारा,
तुझा धाकटा
(आणि न सांगता, बाबा)