साक्रीचा उतार

जळगाव,
२६ फेब्रुवारी १९६९

पूज्य बापूजींच्या चरणी कुसुमलताचा नमस्कार.

आपण देसात, मारवाडला, लग्नाला गेलात त्याला महिना होत आला. इथे सर्व खुशाल. सासूबाईंचा गुडघा बरा आहे. दुकान वेळेवर उघडतं. रुपचंद पत्राचं उत्तर का देत नाही, असं आपण विचारलंत. हे देणार नाहीत, म्हणून मी लिहिते. आपल्यासमोर मी पदराआडून कधी शब्द काढला नाही. कागदावर तरी काढते.

फ्रान्सहून आणलेल्या शार्डोने या दारूच्या द्राक्षाच्या काड्या यांनी पाचोऱ्याच्या मळ्यात लावल्या, त्याला तीन वर्षं झाली. पानं उदंड आली, घड पाणचट. काळ्या जमिनीत पाणी साचून मुळं कुजली. उरलेल्या मण्यांचा, दारूला लागणारा आंबटपणा उन्हानं मारला. लोक "विलायती दारूवाला" म्हणून हसले. आपलंच काही चुकलं, असं यांनी धरलं.

काड्या आल्या तेव्हा यांनी ओसरीवर आपल्यापुढे दोन ढेकळं ठेवली होती. मी दाराआड होते. "बापूजी, या द्राक्षाला स्वतःची चव थोडी. जमीन देईल ती चव ते घेतं. मला साक्रीचा उतार द्या. मुरूम आहे, चुनखडे आहेत, रात्री गारवा असतो. काळीत हे जगायचं नाही."

आपण सगळं ऐकलंत आणि म्हणालात, "साक्रीच्या जमिनीचा तंटा चाललाय, बेटा. पाचोऱ्याची घे, सोन्यासारखी काळी आहे." वर विहीरही बांधून दिलीत. हे किती हरखले होते!

गेल्या आठवड्यात साक्रीहून वना आला, उतारावर वाट्यानं बाजरी करतो तो. यांनी सहज विचारलं, "तंटा मिटला का रे?"

"कशाना तंटा, शेठ? वावर ते बठ्ठं मोकळंच शे."

म्हणजे तंटा कधी नव्हताच. हे उठले. दुपारच्या गाडीनं पाचोऱ्याला गेले आणि सगळे वेल स्वतःच्या हातांनी उपटून आले. सोललेल्या तळहातांना मी हळद लावत होते, तेव्हा एवढंच म्हणाले, "नाही म्हणाले असते तर मी भांडलो असतो, कुसुम. त्यांनी विहीर बांधून दिली गं."

आपल्या घरानं दारू गाळू नये, हे मलाही पटतं. धर्म मीही पाळते. पण ते तोंडावर सांगायचं होतं. वेल कशानं मरेल हे आपण मुलाकडूनच समजून घेतलंत, आणि तेच केलंत.

आता हे रोज गादीवर बसतात. कापसाचा भाव विचारला तर सांगतात, बाकी बोलत नाहीत. आपल्याला हवा होता तसा मुलगा झाला आहे, येऊन बघा.

सासूबाई म्हणतात, थोडे दिवस धुळ्याला माहेरी जाऊन ये. मी जाणार नाही. आपण आल्यावर हे आपल्यासमोर एकटे जेवायला बसलेले मला चालायचं नाही. वाढायला मी असेन, आणि तेव्हा पदर डोक्यावरच राहील, तोंडावर नाही.

जय जिनेंद्र.

आपल्या मुलाची बायको,
कुसुमलता