पहिल्या नंबरचा निबंध

आबा, परवा मी जळगावला जाऊन आले. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, आणि हे सगळं सांगायची हिंमत आत्ता कुठं होते आहे, तीही कागदावर. कागद पाठवायचा कुठं, हा प्रश्नच आहे. त्या क्लबनं हायस्कूलच्या मुलांच्या निबंध स्पर्धेसाठी मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. तोच क्लब, तीच स्पर्धा. धुळ्याहून एसटीत बसले तेव्हा मनाशी पक्कं ठरवलं होतं की आज माईकसमोर उभं राहून एक वाक्य बोलायचं. "मी नववीत असताना इथं वाचलेला निबंध खोटा होता, माझे वडील तेव्हा जिवंत होते आणि याच मांडवामागं तुमच्यासाठी भरीत करत होते." एवढंच. पारोळा येईपर्यंत ते वाक्य मला पाठ झालं होतं.

निबंधाचा विषय होता 'माझ्या आयुष्यातला न विसरता येणारा दिवस'. आमचे सर वर्गात सांगायचे, परीक्षकाच्या डोळ्यांत पाणी आलं की पहिला नंबर तुमचाच. मग पोरं काय करणार, कुणी आजी मारली, कुणी बैल मारला. मी तुम्हाला मारलं. नुसतं मारलं नाही, मारायच्या आधी तुम्हाला शाळामास्तर केलं. कारण आचाऱ्याच्या मरणावर कोण रडणार, असं मला तेव्हा वाटायचं. खरं सांगायचं तर तुमच्या कामाची मला लाज वाटायची. हिवाळाभर तुमच्या अंगाला कपाशीच्या काड्यांच्या धुराचा वास असे, शर्ट कितीही धुतला तरी. भाजलेली वांगी गरम असतानाच सोलून तुमच्या बोटांचे शेंडे बधिर झाले होते. मला ताप आला की तुम्ही कपाळाला बोटं लावत नव्हतात, मनगट लावायचात, कारण बोटांना काही कळायचं नाही. निबंधात तेवढीच एक गोष्ट मी खरी लिहिली. बाकी शाळा खोटी, आजार खोटा, सरण खोटं.

बक्षीस समारंभ आणि क्लबच्या सभासदांची भरीत पार्टी एकाच दिवशी, एकाच मांडवात होती. एका खर्चात दोन कामं. तुमची ऑर्डर कुठं आहे हे मी घरी कधी विचारत नसे. त्यामुळं मला माहीत नव्हतं, आणि मला माहीत नव्हतं हेच मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. सर मला घेऊन गेले. ते घरी कधी आले नव्हते, त्यांना निबंध खराच वाटला होता. स्टेजवर माझं नाव पुकारलं, निबंध वाचून दाखवायला सांगितला. मी वाचते आहे. दुसरं पान उलटते आणि स्टेजच्या बाजूची कनात वाऱ्यानं उडते. पलीकडं तुम्ही उभे आहात. एका हातात देठाला धरलेलं वांगं, दुसरा हात मनगटापर्यंत काळा. तुम्ही माझ्याकडं बघता आहात. कर्ण्यावरून माझा आवाज तुमच्यापर्यंत पहिल्या ओळीपासून पोचलाच असणार.

तिथं मला थांबता आलं असतं, आबा. पोट दुखतंय म्हणून खाली उतरता आलं असतं. मी मान खाली घातली आणि मनगटाची गोष्ट वाचली, मग तुमचं सरण वाचलं. शेवटी आवाज जरा कापरा केला, तसं सरांनी करून घेतलं होतं. पुढच्या रांगेतल्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या.

मग पंगत बसली. क्लबच्या अध्यक्षांनी मला आपल्या शेजारी बसवलं. तुम्ही बादली घेऊन वाढत वाढत आमच्यापर्यंत आलात. ते म्हणाले, "आबा, हिला नीट वाढा बरं. बिचारीला बाप नाही." आता तुम्ही काय बोलाल, चारचौघांत कानाखाली द्याल की बादली टाकून निघून जाल, काही सुचेना. तुम्ही खाली वाकलात आणि मला विचारलंत, "कोनी पोर शे वं तू, बेटा?"

अध्यक्षच म्हणाले, "मास्तरांची मुलगी आहे. गेले ते, फार वाईट झालं." तुम्ही म्हणालात, "हा का. पोटभर जेव, बेटा." माझ्या पानात भरीत वाढलंत, भाकरीचा जास्तीचा तुकडा ठेवलात आणि पुढच्या माणसाकडं गेलात. माझी लाज राखण्यासाठी तुम्ही मला परकं केलंत. मी ते भरीत खाल्लं, आणि सगळं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीकडून मायला कळलं. ती चुलीपुढून उठून माझ्या अंगावर आली. "बाप जित्ता शे ना व तुना? जित्ता बापले मारस?" तिचा हात उचललेला होता, तो तुम्ही धरलात. म्हणालात, "राहू दे. निबंध शे तो. चांगला लिखेल व्हता. बठ्ठा लोके रडनात. माले बी रडू उनं." आणि वांगी ठेचायची लाकडी बडगी धुवायला तुम्ही बाहेर गेलात. नळाचं पाणी बराच वेळ वाहत होतं.

त्यानंतर तुम्ही अठरा वर्षं जगलात आणि माझ्या एकाही समारंभाला आला नाहीत. मी बी.ए.ला पहिली आले तेव्हा नाही, मला शाळेत आदर्श शिक्षिकेचा मान मिळाला तेव्हाही नाही. बोलावलं की म्हणायचात, "ऑर्डर शे." आदर्श शिक्षिकेचा कार्यक्रम मे महिन्यात होता. भरीत हिवाळ्याचं, मे महिन्यात त्याची ऑर्डर कुणाकडं असते, हे आचाऱ्याच्या पोरीला कळत नव्हतं असं नाही. तुम्ही येत नव्हतात ते माझ्या सोयीचं होतं, म्हणून मी कळून घेतलं नाही. शेवटी दवाखान्यात नर्सनं विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" मी म्हटलं, "मुलगी." तुम्ही डोळे उघडून माझ्याकडं बघितलंत. तेव्हा तुमचे पाय धरायला हवे होते. मी सलाईन संपत आलं आहे असं सांगायला नर्सच्या मागं गेले.

परवा एक मुलगा सूत्रसंचालन करत होता, त्याच्या हातात माझ्या परिचयाचा कागद होता. कुणी लिहून दिला कोण जाणे, क्लबच्या जुन्या माणसांनीच असेल. तो वाचू लागला, "बालपणीच पितृछत्र हरपलं, तरी जिद्दीनं शिकलेल्या आमच्या आजच्या परीक्षक..." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी माईकपाशी गेले. समोर नववी-दहावीची पोरं बसली होती, त्यांच्या मागं त्यांचे आईबाप, काही कामावरून तसेच आलेले. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. मी पोरांना अक्षर सुधारा म्हणाले, रोज दोन पानं वाचत जा म्हणाले, आणि खाली येऊन बसले.

बसल्यावर मात्र मला रडू आवरेना. शेजारी क्लबच्या एक वयस्क बाई होत्या. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "फार लहान होतात का हो तुम्ही, वडील गेले तेव्हा?"

मी हो म्हटलं, आबा.