ओटी कुणी भरायची

दोन घरं मिळून एका पोटुशी पोरीला बाज देऊ शकत नाहीत, आणि हिंजवडीच्या चौकात फ्लेक्स मात्र दोघांचे! एकावर 'आमचा वाघ', दुसऱ्यावर 'आमचे जावई'. फोटो तुझ्याच निरंजनचा, वर्दीतला. खाली एकीकडे तुझा सासरा, दुसरीकडे तुझा बाप. 

प्रिय गौतमी,

तिकडचे फोन बंद, म्हणून लिहिते. पौडच्या चाँदभाईचा इरफान तुमच्याच छावणीत असतो. त्याची सुट्टी रद्द झाली, तो परत निघालाय, हे तुझ्या हातात देईल.

निरंजनचं पत्र पोचलं. लिहितो, समोरचं सैन्य नदीच्या काठाला आलंय, गाव रिकामं होतंय, गौतमीला सातवा लागलाय, ती माझ्या सांगण्यानं हलत नाही, तुम्ही बोलवा म्हणजे येईल. माझ्या राजूनं, तुझ्या सासऱ्यानं, ते वाचलं आणि तोंड उघडलं ते काय, तर "पहिलं बाळंतपण म्हायेरी असतं, आपण कशाला मधी पडायचं?" मग सूसला, तुझ्या माहेरी फोन. तुझा बाप चंद्रकांत म्हणतो, सासरच्यांनी ओटी भरल्याशिवाय लेक कशी आणायची, रीत आहे. राजू म्हणतो, ती हितं न्हाईच तर भरू कुणाची? तिकडं तोफा वाजतायत आणि इकडं हिरवी साडी कुणी घ्यायची यावर दोन बाप्ये भांडतायत. शी!

खरं कुणी बोलत नाही. निरंजनची खोली तुझ्या सासूनं कंपनीतल्या दोन पोरांना भाड्यानं दिलीय. आणि सूसला तुझ्या भावजयीच्या नव्या फ्लॅटमध्ये बाळंतिणीच्या शेकाशेगडीचा धूर चालत नाही.

निरंजनला वाटतं, त्याला सोडवत नाही म्हणून तू बसलीस. पोरगं खुळं आहे. फोन बंद व्हायच्या आधी तू सासूला विचारलंस, "आले तर उतरू कुठं?" तिनं "आवाज येत न्हाई गं" म्हणून फोन ठेवला. मी शेजारीच लसूण सोलत होते. आवाज चांगला येत होता.

म्हणून हे पत्र. सकाळी मी त्या दोन पोरांना खोली सोडायला सांगितलं. ती बिचारी शहाणी, दुपारी गाद्या उचलून गेली. राजू तोंड फुगवून बसलाय. घर अजून माझ्या नावावर हाय, एवढंच म्हणाले त्याला. बाज धुऊन उन्हात टाकलीय. तुझी ओटी मी भरणार, हितंच, आणि बाळंतपणही हितंच. विधवेनं भरू नये म्हणून तुझी सासू पुटपुटली. म्हटलं, मग तू भर. तर उठून आत गेली. त्यांची मनं साफ होतील म्हणून वाट बघू नकोस, होणार नाहीत. माझ्या खोलीत राहायचं, माझ्या ताटात जेवायचं. सामान राहिलं तर राहू दे. इरफान गाडीत बसवून देईल.

तुझीच,
गोजराआजी

उत्तर निरंजननं द्यायचं नाही, राजूनं नाही, तुझ्या बापानं तर नाहीच. तू द्यायचं, फोन लागेल त्या पहिल्या स्टेशनावरून.